जुना ट्रक सगळा खोलायच्या आधी

वाचकाचं पत्र:

"वडिलांचा वाहतुकीचा धंदा होता. त्यांचा टाटा-मर्सिडीज १२१० हा ट्रक कराडजवळ आमच्या शेतातल्या शेडमध्ये वीसेक वर्षं उभा आहे. आरसी बुकात नोंद १९७० ची आहे. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. थोरला भाऊ म्हणतो, भंगारात घालू, जागा मोकळी होईल. मला मात्र तो पुन्हा उभा करायचाय, हौस म्हणून, धंद्यासाठी नाही. नवं टर्बो इंजिन, पॉवर स्टिअरिंग, मागे हौद्यात झोपायची सोय, आणि मग सुट्टीत कोकण. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, 'सगळा खोलू, नुसत्या चेसीवर आणू, आठ महिन्यांत नवा करून देतो.' बायको म्हणते, पांढरा हत्ती दारात बांधू नका. ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा आहे. १९७० च्या गाडीवर तो असायला हवा का? आणि सुरुवात कुठून करू?"

– एक वाचक, कराड

नमस्कार,

पत्र वाचायच्या आधी मी सोबतचे फोटो पाहिले. समोरची काच धड आहे, केबिनचं छत बसलेलं नाही, आणि चाकांखाली कुणीतरी दगडी फरशा सरकवून ठेवल्या आहेत. ज्याने हे केलं त्याला गाडी कळत होती. इतकी वर्षं डोक्यावर पत्रा होता म्हणून हा ट्रक अजून ट्रक आहे. उघड्यावर असता तर एव्हाना त्याचा सांगाडा झाला असता. तेव्हा भंगारवाल्याला घाईने हो म्हणू नका. तितक्याच घाईने मिस्त्रींनाही म्हणू नका.

"सगळा खोलू" हे शब्द ऐकले की मला धडकी भरते. खोलायला कुणीही तयार असतो. नटबोल्ट काढताना काम झपाझप पुढे जातंय असं वाटतं, फोटोही छान येतात. मग इंजिन एका लेथवाल्याकडे, पंप दुसऱ्याकडे, रेडिएटर तिसरीकडे आणि बाकीचं गोणपाटात. मध्ये मिस्त्री गाव बदलतो, पैसे संपतात, मुलीची बारावी येते. हौसेने खोललेले बहुतेक ट्रक अशा गोण्यांतच संपतात. ते जोडायला दुसरा माणूस मिळत नाही, कारण कुठला बोल्ट कुठून आला हे खोलणाऱ्यालाच ठाऊक असतं. माझं मत सरळ आहे: गाडी आहे तशी, मळक्या रंगासकट, आधी शेडमध्ये सुरू व्हावी आणि अंगणात धड थांबावी. तोवर एकही पत्रा उतरवायचा नाही.

ताऱ्याचं आधी सांगून टाकतो, कारण तो प्रश्न सोपा आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, मर्सिडीजवाल्या डायम्लर-बेंझशी १९५४ साली १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. करार १९६९ मध्ये संपला, तारा गेला आणि टाटांची स्वतःची खूण आली. मग १९७० च्या आरसीवर तारा कसा? आरसीवरचं साल नोंदणीचं असतं. त्या काळी कारखान्यातून चेसी यायची, ती बॉडीवाल्याकडे उभी राहायची, मग पासिंग व्हायचं. यात काही महिने सहज जात. तेव्हा तारा मूळचा असू शकतो. करार संपल्यावर हौसेने तारा विकत घेऊन लावणारे मालकही कमी नव्हते. तो कसा बसवलाय ते बघा: जाळीची भोकं नीट जुळत असतील तर कारखान्याचा, पत्र्याला ओबडधोबड भोकं पाडून दोन स्क्रू मारले असतील तर कुणाच्या तरी हौसेचा. दोन्ही बाबतीत काढू नका.

आता तुमचा खरा पेच: मूळ रूपात आणायचा की मनासारखा बदलायचा? पत्रात तुम्हाला दोन्ही हवंय, आणि गंमत म्हणजे या ट्रकमध्ये ते जमण्यासारखं आहे. परदेशी जुन्या गाडीला बहुधा एकच बाप असतो, कारखाना. आपल्या ट्रकला दोन. टेल्को द्यायची ती चेसी, इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल आणि पुढचा दर्शनी पत्रा, म्हणजे काऊल. मागची केबिन, हौदा, फाळका, आतली फळ्यांची सीट, डोक्यावरची टोपी हे सगळं बांधायचा गावातला सुतार आणि पत्रेवाला. प्रत्येक मालक आपल्या मनासारखं बांधून घ्यायचा. कुणाला उंच फाळके हवे, कुणाला केबिनमध्ये देवाची चौकट. म्हणजे बदल करणं हे या ट्रकच्या अर्ध्या भागाला परकं नाहीच. कारखान्याचा अर्धा भाग जसा होता तसा आणा आणि सगळी हौस सुताराच्या अर्ध्या भागात भागवा. चेसीला आणि तिच्या रिव्हेटना ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन लागू देऊ नका, एवढी एक रेघ मारून घ्या.

यामागे कायदाही आहे, भावना नुसतीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे पुन्हा ठणकावून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद हवी. मालवाहू ट्रकचं फिरतं घर केलं की गाडीचा वर्गच बदलतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठी फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या फेरनोंदणीला ५,०००. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. टर्बो इंजिन घातलंत की हा दरवाजा बंद.

तो दरवाजा तुमच्यासाठी कितपत उघडा आहे हेही बघा. नियमात दुचाकी आणि चारचाकी, तीही खासगी वापराची, असे शब्द आहेत. तुमचा आहे सहा टायरचा मालवाहू ट्रक. म्हणून खर्चाला हात घालण्याआधी कराडच्या आरटीओत लेखी अर्ज करून लेखीच उत्तर मागा. खिडकीवरचं तोंडी "होऊन जाईल" धरून चालू नका. आणि व्हिंटेज नोंदणी मिळाली तरी ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, डिझेल भरणं अशा कामांपुरती असते. दर सुट्टीला कोकण त्यात बसत नाही. साधी मालवाहू नोंदणी चालू ठेवायची तर पासिंग लागेल. पासिंग नसलेल्या ट्रकची नोंदणी कायद्याने वैध धरली जात नाही, त्यामुळे तोवर तो शेडच्या फाटकाबाहेर स्वतःच्या चाकांवर काढू नका.

कागदांचं पहिलं काम मात्र घरातलंच आहे. गाडी अजून वडिलांच्या नावावर असणार. मृत्यूनंतर नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो. मुदत उलटलेली आहे, उशिराचा भुर्दंड पडेल, पडू द्या. त्यात सगळ्या वारसांची संमती येते, म्हणजे आई आणि दादा आलेच. आरसीवर कुणा फायनान्सवाल्याचा बोजा लिहिलेला असेल तर तो आधी उतरवा. कर्ज कधीच फिटलेलं असतं पण कागदावरून कुणी काढलेलं नसतं. जुन्या हस्तलिखित नोंदी सगळ्याच संगणकावर चढलेल्या नाहीत. तुमची वाहन पोर्टलवर दिसत नसेल तर 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागेल. चेसी नंबर पेन्सिलीने कागदावर घासून उतरवा आणि आरसीशी ताडून पाहा. एक आकडा जरी जुळला नाही तरी तिथेच थांबा.

आणखी एक, तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. १२१० मधले १२ म्हणजे भरल्या गाडीचं बारा टन वजन आणि १० म्हणजे शंभराच्या घरातली अश्वशक्ती. कारच्या लायसन्सची मर्यादा साडेसात टनांची. हा ट्रक रस्त्यावर चालवायचा तर जड वाहनाचं लायसन्स काढावं लागेल. ते शिकताना डबल क्लच मारायलाही, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबायलाही शिकाल. या पिढीच्या गिअरबॉक्सला त्याशिवाय दात कचकचल्याखेरीज गिअर पडत नाही.

आता हात काळे करायचं काम. वीस वर्षं उभ्या इंजिनला बॅटरी जोडून सेल्फ मारायचा नाही, मिस्त्री कितीही म्हणोत. आधी ऑइल एका भांड्यात काढा आणि रात्रभर ठेवा. तळाशी पाणी साचलं तर हेड किंवा लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीची, तक्रार असू शकते. मग सगळी नोझल, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोट्या, काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल एकत्र करून सोडा. चार-आठ दिवस तसंच राहू द्या. पिस्टन रिंगा लायनरला गंजाने धरलेल्या असतात, त्या सुटायला वेळ लागतो. त्यानंतर फ्लायव्हीलच्या दात्यांवर बार लावून हाताने इंजिन फिरवा. फिरलं नाही तर जोर करू नका, पुन्हा तेल, पुन्हा वाट. टॅपेट कव्हर काढून कुणाला तरी बघायला बसवा: इंजिन फिरताना एखादा व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येत नसेल तर तो अडकलाय, आणि तशातच जोर केला तर पुशरॉड वाकते.

डिझेल पंप स्वतः उघडू नका. पंप तपासायचं बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच द्या. पण इंजिन पहिल्यांदा सुरू कराल त्या दिवशी एक गोष्ट हाताशी हवीच: हवेच्या तोंडावर, म्हणजे एअर क्लीनर काढल्यावर उघड्या पडणाऱ्या मॅनिफोल्डवर, सपाट बसेल अशी जाड फळी. वीस वर्षं न चाललेल्या पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारी दांडी, भरल्या डिझेलच्या बाजूला अडकलेला असेल तर इंजिन सुरू होताच पळत सुटतं, आणि किल्ली काढून ते थांबत नाही, कारण जुन्या डिझेल इंजिनाला चालायला विजेची गरजच नसते. स्टॉपची केबल ओढून उपयोग झाला नाही तर फळी दाबून हवा तोडायची. फळीच. हात नाही, चिंधी नाही. ती इंजिन आत ओढून घेतं. फळी धरणारा माणूस आधीच उभा करा, आणि त्याला दुसरं काही काम देऊ नका.

इंजिन सुरू झालं की सगळ्यांना पेढे वाटावेसे वाटतात. थांबा जरा. माझ्या हिशेबी ट्रकची खरी दुरुस्ती ब्रेकपासून सुरू होते. या काळातल्या गाड्यांच्या हायड्रॉलिक ब्रेकची पाइपलाइन सहसा एकेरी असते. एका चाकाच्या सिलिंडरचं रबर फाटलं की पायाखालचं पेडल थेट तळाला लागतं आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर, रबरी होज आणि गंजलेल्या नळ्या, हे निवडून नाही, सरसकट नवं. सिलिंडरच्या आत बोट फिरवून बघा. खड्डे लागले तर नुसतं किट टाकून भागत नाही, आत स्लीव्ह बसवून घ्यावी लागते. आणि ड्रम काढल्यावर आतली काळी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. गॅरेजमध्ये सर्रास उडवतात. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती पूड फुफ्फुसात बसते. पाणी मारून ओली करा, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा, आणि फडकं पिशवीत बांधून टाका. मुलांना त्या दिवशी शेडमध्ये आणू नका.

टायरबाबत बचत करू नका. नक्षी शिल्लक दिसते म्हणून जुने टायर चालणार नाहीत. बाजूच्या भेगा पाहिल्यात ना फोटोत? या मापाचे नायलॉन टायर अजून मिळतात. रिमवर लॉक रिंग असेल तर ती आणि तिची खाच तारेच्या ब्रशने चकचकीत करून तपासा. हवा भरताना रिंग नीट बसलेली नसली तर ती तोफगोळ्यासारखी सुटते. चाक पिंजऱ्यात ठेवून, नाहीतर निदान साखळीने बांधून, लांब नळीने हवा भरणाऱ्याकडेच न्या. आणि ट्रकखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, दोन्ही बाजूंना भक्कम घोड्या हव्यात.

पार्ट मिळतील का, ही भीती तुम्ही लिहिली नाही पण ती असणारच. इंजिनवरचा आकडा पाहा. ६९२ असेल, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर, तर नशीब काढलंत. हे इंजिन टाटांनी पुढे अमाप वापरलं. हीटर प्लगचं त्याहून जुनं प्री-चेंबर इंजिन निघालं तर शोधाशोध वाढेल. पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, मुंबईत कुर्ला, आणि तुम्हाला सगळ्यात जवळचं कोल्हापूर. उद्यमनगरात जुना बुश, पिन किंवा लायनर नमुना म्हणून नेला तर तसाच करून देणारे लेथवाले आहेत. म्हणून कुठलाही जुना पार्ट, तुटका का असेना, नवा बसून चालेपर्यंत फेकू नका. भंगारवाल्याला शेडमध्ये शिरू न देण्याचं हेही एक कारण.

आता तुमच्या यादीवर येतो. टर्बो इंजिन नको; कायदा बाजूला ठेवला तरी मागचा डिफरन्शियल आणि ब्रेक ज्या वेगासाठी केलेत त्याच्या पलीकडे गाडी पळवून साधणार काय? पॉवर स्टिअरिंगही सध्या नको. किंगपिन आणि स्टिअरिंग बॉक्स मोकळे करून ग्रीस भरा, पुढच्या टायरमध्ये हवा नीट ठेवा. चाक फिरत्या गाडीत वळवायचं, उभ्या गाडीत नाही, एवढी सवय लावली की तो मोठा दांडगा स्टिअरिंग व्हील पुरेसा हलका होतो. वायरिंग मात्र पूर्ण नवं करा. जुन्या तारांवरचं रबर बोटाने चुरगळतं आणि लाकडी केबिनला आग लागायला एक ठिणगी बास आहे. फ्यूज बॉक्स आणि बॅटरीजवळ मेन कटआउट जरूर घाला. सीटबेल्ट, मोठे आरसे, मागे ठसठशीत दिवे, डायनामोच्या जागी त्याच बोल्टवर बसणारा अल्टरनेटर, असे बदल मनात किंतु न ठेवता करा, पण जुना पार्ट डबीत जपून ठेवा.

झोपायची सोय हौद्यातच, पण सुटी. पलंग, पेटारे, ओटा हे सगळं एका लाकडी चौकटीत बांधा आणि ती हौद्याच्या असलेल्याच कड्यांना पट्ट्यांनी आवळा. वर जुन्या पद्धतीच्या लोखंडी कमानी आणि ताडपत्री. चौकट उतरवली की ट्रक पुन्हा ट्रक. प्रवासात हौद्यात कुणी बसायचं नाही, मुक्कामालाच चढायचं. इथे गावच्या सुताराला हवं ते करू द्या, सागवान परवडलं तर सागवान. रंगही तुमच्या आवडीचा, पण आरसीतल्या रंगापेक्षा वेगळा असेल तर नोंद करून घ्या. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असण्याची दाट शक्यता; पाण्याने भिजवून वॉटर पेपरनेच घासा. फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' पुन्हा लिहून घेणार असाल तर माहीत असू द्या, महाराष्ट्रात परिवहन आयुक्तांनी २०१५ साली परिपत्रक काढून त्याला बंदी घातली आहे. मला ती बंदी तेव्हाही पटली नव्हती. असो. वडिलांच्या ट्रान्सपोर्टचं नाव केबिनच्या दारावर अजून वाचता येतंय. त्यावर ट्रेसिंग पेपर धरून अक्षरं उतरवून घ्या, मगच घासा. असं वळणदार लिहिणारे पेंटर आता थोडेच उरलेत, आणि कॉम्प्युटरच्या स्टिकरला ती सर नाही.

वहिनींचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांना पैशांची भीती वाटते आणि ती रास्त आहे. मिस्त्रींना एकरकमी ठेका देऊ नका. कामाचे तुकडे पाडा: कागद, मग इंजिन सुरू, मग ब्रेक आणि टायर, मग वायरिंग, मग पत्रा आणि रंग, शेवटी हौदा. एका तुकड्याचे पैसे हातात आल्याशिवाय तो सुरू करायचा नाही, कर्ज काढायचं नाही, आणि प्रत्येक तुकडा संपला की गाडी जोडलेली असली पाहिजे. असं केलंत तर कुठल्याही टप्प्यावर थांबलात तरी शेडमध्ये ट्रकच राहील, गोण्या नाहीत. याला आठ महिने पुरणार नाहीत, हे घरात आजच सांगून टाका.

दादांशी मात्र ट्रकची हौस सांगून भांडू नका. त्यांना जागा हवी असेल तर जागेचंच बोला. ट्रक बांधावरच्या दुसऱ्या पत्र्याखाली ओढून नेता येतो. भंगारात वजनावर जी रक्कम येईल त्यातला त्यांचा वाटा तुम्ही देऊ करा आणि तो वारसांच्या संमतिपत्रात लिहूनच टाका. नंतर ट्रक उभा राहिला, लोक फोटो काढू लागले की हक्काची आठवण सगळ्यांनाच येते.

वडिलांच्या हाताखालचे ड्रायव्हर किंवा क्लीनर कुणी हयात असतील तर त्यांना एकदा शेडमध्ये आणा. कुठला गिअर सुटायचा, कुठला पाटा बदललेला, इंजिन कधी आणि कुठे उतरवलं होतं, हे कुठल्याच आरसीत नसतं. आणि केबिनमध्ये हात घालण्याआधी काठीने सगळीकडे आपटून घ्या. तुमच्या चौथ्या फोटोत सीटखाली दिसतेय ती दोरी नाही, सापाची कात आहे.

चेसी आणि इंजिन नंबरचे घासलेले कागद हाती आले की इंजिनावरचा आकडा मला कळवा. हीटर प्लगवालं इंजिन निघालं तर पंप आणि नोझलच्या कामाला कुणाकडे जावं, त्यावर वेगळं लिहावं लागेल.